ईदच्या तोंडावर बोकडाला भरडा कोंबताय? या चुका टाळा

बकरी ईदला महिना राहिला की माझे फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच, "दादा, महिन्यात दहा किलो वजन वाढंल असं काय घालू?" असं काही नसतंय. चांगला सांभाळलेला उस्मानाबादी बोकड दिवसाला १०० ग्रॅम वाढला तरी मी खूश असतो, म्हणजे महिन्याला झाले ३ किलो. बाकीचं जे दिसतंय ते पोटातला चारापाणी आणि वपा, म्हणजे पोटातली चरबी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मोहोळच्या शेडाशेजारच्या वस्तीवरच्या एका पोरानं सांगोल्याच्या बाजारातनं १२ बोकड आणले, ईदला २५ दिवस होते. सगळे माळावर चरून वाढलेले, दाण्याची सवयच नाही, आणि यानं पहिल्याच दिवशी एकेकापुढं किलोभर मक्याचा भरडा आणि वर भिजवलेला गहू ठेवला. बोकड खातेत म्हणून हा खूश. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला पळत आला. जाऊन बघतो तर चार बोकड माना टाकून उभे, रवंथ बंद, दात कराकरा खातायत, डोळे खोल गेलेले, खाली आंबूस वासाची पातळ हगवण. डाव्या कुशीवर मूठ दाबली तर आत पखालीतलं पाणी हलावं तसं डुचमळत होतं. डॉक्टर पहाटे पोचले तोवर दोन गेले होते.

होतं काय, की दाणा पोटात भराभर आंबतो, लॅक्टिक आम्ल तयार होतं, एरवी ६ च्या वर असणारा पोटाचा सामू (pH, जेवढा कमी तेवढं आंबट) ५.५ च्या खाली जातो आणि कडबा पचवणारे जिवाणूच मरतात. अंगातलं पाणी ओढून पोटात येतं, म्हणून ते डुचमळणं. अशा वेळी दाणा ताबडतोब बंद, पुढं फक्त कोरडा कडबा, आणि डॉक्टरला फोन. खायचा सोडा पाजायचा तर तो सांगंल तेवढाच, आणि मान वर ओढून बाटली रिकामी करू नका, फुप्फुसात गेलं तर तेच मरणाचं कारण होतंय.

माझी सवय अशी, नवीन बोकड आला की पहिला आठवडा दाणा नाहीच, मालदांडी ज्वारीचा कडबा आणि तुरीचं भुसकट. मग १०० ग्रॅम भरडा, दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत २५-३० किलोच्या बोकडाला ३०० पर्यंत, तोही दोन वेळा विभागून आणि कडबा खाऊन झाल्यावरच. भरडा जाडसर, पिठासारखा नको. आणि हे सगळं करायच्या आधी आंत्रविषाराची लस झालेली पाहिजे, कारण दाणा वाढला की तो रोग उठतो.

वाचलेल्या दहातला एक ईदला कापला तेव्हा मी तिथं होतो. खाटीकमामांनी पोट उघडलं तर मूत्रपिंडाभोवती वपेचे गोळेच्या गोळे आणि पाठीचं मटण बोटभर. शेळीची जात चरबी आधी पोटात साठवते, अंगावर नंतर, त्यामुळं घाईत घातलेला मका गिऱ्हाइकाच्या ताटात येतच नाही. उलट नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या जनावराची चरबी मऊ, तेलकट पडते. पाला-गवत खाल्लेल्याच्या मटणात ओमेगा-३ जास्त असतं आणि चवीतला फरक तर रस्सा उकळतानाच कळतो.

दुसरी चूक, बुरशीचा मका. "उन्हात वाळवला की चालतंय" म्हणणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे. वाळवून बुरशी वाढायची थांबते, आत झालेलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, तसंच राहतं, शिजवूनपण जात नाही. ते यकृत खातं, शेंगपेंडीतपण तोच धोका. मी पोतं घेताना कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवतो, मीठ काचेला चिकटलं की ओल जास्त, पोतं परत. व्यापारी कुरकुर करतो, करू दे.

बाकीच्या पटकन सांगतो. कोवळ्या ज्वारीत जनावर सोडू नका, किरळ लागून, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधून, तासाभरात जातंय. बाजार समितीबाहेर टाकलेला सडका कांदा फुकट आहे म्हणून पोत्यानं घालू नका, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून लाल लघवी होते. गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढराला नको, त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर बोकड ठेवला की मुतखडा ठरलेला, कॅल्शियम आणि स्वच्छ पाणी हवंच.

आणि बाजारातनं टेम्पोत उभा आणलेला बोकड उतरवल्या-उतरवल्या कापू नका. दमलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपलेली असते, मटणाचा सामू खाली येत नाही आणि ते काळपट, चिकट पडून लवकर खराब होतं. महिनोन्‌महिने घातलेला चारा त्या एका रात्रीत वाया जातो. रात्रभर सावलीत बांधा, समोर पाण्याची बादली ठेवा, सकाळी बघा.