मुलांसोबत स्टॉप मोशन करायचंय? आधी एवढी तयारी करून ठेवा

तिसरी-चौथीच्या मुलांसोबत स्टॉप मोशन फिल्म (म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो जोडून हलतं चित्र करायचं) करायची म्हटलं की आपण आधी ट्रायपॉड शोधायला लागतो, पण खरी तयारी गोष्टीची असते, ती कागदावर पक्की नसेल तर मुलं नुसते मातीचे गोळे इकडून तिकडे सरकवत बसतात आणि मग विचारतात, आता पुढे काय करायचं?

म्हणून पहिल्यांदा हिशोब करा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं असतात, मुलांना १० पुरतात, हालचाल जराशी धक्के खात होते पण छान दिसते. तरी २० सेकंदांच्या फिल्मला २०० फोटो झाले! त्यामुळे गोष्ट अगदी छोटी हवी, एक पात्र, त्याला काहीतरी हवंय, मध्ये एक अडचण. गोगलगायीला पानावर चढायचंय आणि पान सारखं हलतंय, बास, एवढं भरपूर आहे. कुणी राजा, राक्षस, लढाई असं सगळंच आणलं तर नाही म्हणू नका, फक्त विचारा की यातला कुठला एक प्रसंग दाखवूया, मुलं बरोबर निवडतात.

आदल्या दिवशी प्रत्येक गटासाठी सहा चौकोनांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांतून गोष्ट मांडायचा कागद आखून ठेवा. काडीमाणसं चालतील, चौकोनाखाली एकच वाक्य, आणि शूटिंगच्या वेळी तो कागद समोर चिकटवायचा म्हणजे भांडण झालं की सगळे तिकडे बघतात. गट चौघांचा बरा, एक कॅमेऱ्यावर, दोघं पात्रं हलवायला, एक फोटो मोजायला, आणि चौकोन बदलला की कामं बदलायची, नाहीतर फोन एकाच्याच हातात राहतो.

वॉर्मअपला जाड कागदाच्या गोल चकत्या आणि दोरा घ्या. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी काढायचा, दोन्ही कडांना दोरा बांधून पिळायचा आणि ताणायचा, चकती गरगर फिरली की पक्षी पिंजऱ्यात दिसतो. हे थॉमॅट्रोप नावाचं खेळणं १८२० च्या दशकातलं आहे. चकती वर-खाली उलटते म्हणून मागचं चित्र उलटं काढावं लागतं, पण हे आधी सांगू नका हं, मुलांना स्वतःला सापडू दे, तो चेहरा बघण्यासारखा असतो.

फोन फुल चार्ज, मेमरी रिकामी, लेन्स पुसलेली, एअरप्लेन मोड चालू. स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये ओनियन स्किन म्हणजे आधीच्या फोटोची पुसट छटा दाखवायची सोय असेल तर ती लावा, पात्र किती सरकलं ते लगेच कळतं. फोकस आणि एक्सपोजर (फोटोचा उजेड) लॉक करा, म्हणजे ते मध्येच आपोआप बदलत नाहीत. खिडकीच्या उजेडावर भरवसा नको, एक ढग आला तरी फिल्म लुकलुकते, त्यापेक्षा पडदे ओढून टेबल लॅम्प लावा. टेबलाभोवती खडूने रेघ मारा, फोटो काढताना सगळे रेघेबाहेर, कारण वाकलेल्या डोक्याची सावलीसुद्धा फ्रेममध्ये येते. आणि तुम्हीही रेघेबाहेरच राहा प्लीज, वाकडं पात्र सरळ करायला आपला हात फार शिवशिवतो.

आवाज शेवटी. पंखा बंद करा, आगीच्या आवाजासाठी चुरगळायला सेलोफेनचे कागद ठेवा, घोड्याच्या टापांसाठी करवंट्या, बाकीचं मुलं तोंडाने करतात. नेटवरचं गाणं लावू नका, मुलांचं गुणगुणणं चांगलं.

पालकांची लेखी परवानगी आधीच घ्या, चेहरे दिसणार नसले तरी आवाज मुलांचाच आहे, फिल्म कोण कोण बघणार तेही त्यात स्पष्ट लिहा. वर्ग सुटायच्या आधी फोटो आणि फिल्म दोन ठिकाणी सेव्ह करा आणि फाईलला गटाचं नाव द्या, मुलांची पूर्ण नावं नको.