कुटुंबाच्या तंबूतील प्रकाशाची अडचण मी अशी सोडवली

आमच्या तंबूत मधोमध टांगलेला पांढरा, प्रखर एलईडी कंदील उजेड भरपूर देई; पण तो नेमका डोळ्यांसमोर येत असल्याने डोळे दिपत, बसलेल्यांच्या मोठमोठ्या सावल्या कापडावर पडत आणि दाराची चेन उघडताच किडे आत शिरत. उपाय म्हणून मी तो कंदील बाहेर, दारापासून दूर टांगला आणि आत छताच्या शिवणीलगतच्या कड्यांमधून २७०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर एलईडी दिव्यांची माळ फिरवली. प्रकाश अनेक ठिकाणांहून येऊ लागल्यामुळे सावल्या जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि निळा अंश कमी असलेल्या उजेडाकडे किडेही तुलनेने कमी येतात. दिवे घेताना वॅटऐवजी (म्हणजे वीजवापराऐवजी) ल्युमेन, म्हणजे प्रत्यक्ष मिळणाऱ्या उजेडाचे माप, पाहावेत; माझ्या मते आतल्या वावरासाठी १०० ते २०० ल्युमेन पुरेसे होतात. रात्री मुलांना उठावे लागले तर मंद लाल दिवा बरा, कारण त्यामुळे अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना फारसा त्रास होत नाही. माळेची पॉवर बँक मी तंबूच्या कापडी खिशात ठेवतो, कारण जमिनीवर ओल येते. मेणबत्ती किंवा रॉकेलचा कंदील मात्र आत कधीही लावू नये: आगीचा धोका तर असतोच, शिवाय बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्यामुळे झोपेत त्याचा पत्ताही लागत नाही.