पुस्तक येण्याआधीचे लेखकपण

मराठीत लिहिणाऱ्या माणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘तुमचे पुस्तक आले आहे का?’ उत्तर नकारार्थी असले की विचारणाऱ्याचा सूर किंचित उतरतो, आणि हळूहळू लिहिणाराही स्वतःच्या कामाकडे त्याच नजरेने पाहू लागतो. आपले लेखन म्हणजे फावल्या वेळातला छंद आहे, खरे लेखक ते दुसरेच कोणीतरी, ही भावना नुसती मनाची समजूत घालून जात नाही. ती जाण्यासाठी कामाची रीत बदलावी लागते. ही रीत कशी असावी हे मी येथे कथालेखन डोळ्यांसमोर ठेवून सांगत आहे. कविता किंवा ललितलेख लिहिणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

आधी छपाईचा मुद्दा बाजूला करू. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी रचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी उतरवून ठेवल्या, आणि त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. त्या १९५२ साली कवयित्री झाल्या असे कोणीही म्हणणार नाही. अरुण कोलटकरांच्या कविता १९५० च्या दशकापासून नियतकालिकांतून वाचल्या जात होत्या, पण त्यांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये, पंचेचाळिशीच्या सुमारास आला. कायद्याची भूमिकाही हीच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण लिहिलेल्या कथेवरचा हक्क ती लिहिली जाते तेव्हाच निर्माण होतो. त्यासाठी ती छापून यावी लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर आपले पूर्ण नाव आणि तारीख घालताना संकोच वाटत असेल, तर हे आठवावे.

रोज ठरलेल्या वेळी लिहावे हा सल्ला सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. एवढेच सांगतो की ती वेळ घरच्यांना स्पष्ट शब्दांत कळलेली असावी. ‘मला जरा लिहायचे आहे’ या वाक्यातला ‘जरा’ घरातल्या प्रत्येक कामापुढे माघार घेतो. ‘सकाळी साडेपाच ते साडेसहा मी लिहायला बसते’ हे वाक्य दोन-चार आठवडे पाळले गेले, की घर त्या तासाला वळसा घालून चालू लागते. विशेषतः ज्या स्त्रियांच्या लेखनाला घरात कोणी काम समजत नाही, त्यांनी या एका बाबतीत भीड बाळगू नये असे मला मनापासून वाटते.

खरा फरक पडतो तो लेखन पूर्ण केल्याने. अनेक नवलेखकांच्या वह्यांमध्ये उत्तम सुरुवाती असतात, चटका लावणारे प्रसंग असतात, एखाद्या कादंबरीची पंचवीस पाने असतात, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलेले असे काही नसते. आणि जोवर ते नसते, तोवर आपण लेखक आहोत असे स्वतःलाच पटत नाही. म्हणून कादंबरी काही काळ बाजूला ठेवावी आणि आठ-दहा पानांची एक कथा निवडून ती कशीही असो, शेवटापर्यंत न्यावी. पहिला खर्डा झाला की तो निदान पंधरा दिवस बंद ठेवावा. मग तो स्वतःशीच मोठ्याने वाचावा आणि जेथे जीभ अडखळते किंवा आपलेच लक्ष उडते तेथे समासात खूण करावी. त्या खुणांवर जे काम होते तेच लेखकाचे मुख्य काम होय.

हे काम कसे असते ते एका उदाहरणाने पाहू. एसटीतून निवृत्त होणाऱ्या एका वाहकाची कथा आहे असे समजा. पहिल्या खर्ड्यातले वाक्य असे आहे: ‘नोकरीच्या शेवटच्या दिवशी गणपतरावांच्या मनात अनेक भावना दाटून आल्या.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही, परंतु ते शिक्षकाच्या, कारकुनाच्या, पोस्टमनच्या, कोणाच्याही निवृत्तीला चालेल. आता लेखकाने डेपोतल्या खिडकीपाशी उभे राहून पुन्हा पाहिले आणि लिहिले: ‘शेवटच्या फेरीचा भरणा करताना गणपतरावांनी सुटी नाणी तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा हिशेब जुळला, तरी ते खिडकीवरून हलले नाहीत.’ येथे भावनेचे नाव कोठेही नाही, पण ती आता फक्त गणपतरावांची आहे. याच वेळी लेखकाच्या ध्यानात येते की आधीच्या पानावर गणपतरावांना पैशाबाबत निष्काळजी दाखवले आहे, तेव्हा ते पानही बदलावे लागेल. एका वाक्याने सगळ्या कथेला असे हलवावे, आणि लेखकाने कंटाळा न करता तिच्या मागे जावे, हा अनुभव एकदा आला की ‘मी खरा लेखक आहे का’ हा प्रश्न बराच लांब जातो, कारण त्या वेळी डोक्यात त्याला जागाच नसते.

पुनर्लेखन झाल्यावर वाचक शोधावा. सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कथा टाकू नये. तेथे अंगठे आणि फुले मिळतात, त्यांतून कथेविषयी काहीच कळत नाही. भरपूर वाचणारी आणि आपल्याला दुखावण्याची किंवा खूश करण्याची गरज नसलेली एक-दोन माणसे पुरेशी असतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद, महाराष्ट्र साहित्य परिषदेची किंवा विदर्भ साहित्य संघाची जवळची शाखा, नियमित भरणारा एखादा साहित्य कट्टा, अशा ठिकाणी ती भेटतात. ‘कथा कशी वाटली?’ असे त्यांना विचारू नये, कारण त्याला ‘छान आहे’ हेच उत्तर येते. ‘कोणत्या पानावर वाचायचे थांबावेसे वाटले?’ आणि ‘गणपतराव शेवटी घरी का गेले नाहीत, असे तुम्हाला वाटते?’ असे नेमके प्रश्न विचारावेत. उत्तर ऐकताना कथेची बाजू मांडू नये. जे आपल्याला तोंडी समजावून सांगावे लागते आहे, ते कागदावर उतरलेले नाही एवढी नोंद करून घ्यावी.

यानंतर शुद्ध प्रत तयार करावी, आणि ती दुसऱ्या दिवशीच संपादकाच्या टेबलावर जाणार आहे अशा काळजीने करावी. युनिकोडमध्ये टंकन, पुरेसा समास, पृष्ठक्रमांक, शीर्षक, नाव आणि पत्ता. हाताने लिहीत असाल तर कागदाच्या एकाच बाजूला. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे नियम जवळ ठेवावेत. १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार, असे हे एकूण अठराच नियम आहेत आणि थोड्या सरावाने ते अंगवळणी पडतात. पात्रांच्या बोलण्याला मात्र हे नियम लावू नयेत. माणसे गावात जशी बोलतात तशीच ती कथेत बोलू द्यावीत.

मग कथा पाठवावी. १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकापासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा ही मराठी कथाकाराची मोठी सोय आहे, परंतु अंकाची जुळवाजुळव दिवाळीच्या कित्येक महिने आधी होत असल्याने कथा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पोहोचलेली बरी. आपण ज्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक वाचलेले आहेत, त्यालाच कथा पाठवावी. सोबतचे पत्र चार ओळींचे असावे. त्यात कथेचा अर्थ किंवा स्वतःच्या धडपडीची हकीकत नसावी. कोणती कथा कोठे, कोणत्या तारखेला पाठवली आणि काय कळले, याची एक वही ठेवावी. बरेच संपादक आता नकारही कळवत नाहीत, तेव्हा किती दिवस वाट पाहायची तेही त्याच वहीत आधी लिहून ठेवावे आणि ती मुदत उलटली की त्याच संपादकांना तसे कळवून कथा दुसरीकडे पाठवावी. ‘साभार परत’ आलेली कथा वाईटच असते असे नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथेवर पुन्हा काम करायला सांगत, आणि त्या पत्रांतून कितीतरी लेखक घडले. आज कोणी संपादक दोन ओळींचा जरी नेमका आक्षेप कळवत असेल, तर ती दाद समजावी आणि त्या आक्षेपावर काम करूनच उत्तर द्यावे.

शेवटचा मुद्दा पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्याचा. लेखक म्हणवून घेण्याची घाई झालेल्यांना हा मार्ग सर्वांत जवळचा वाटतो, आणि पुष्कळ नवे कवी त्यात घरातली शिल्लक घालतात. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, पण संपादनाशिवाय छापलेल्या कच्च्या कथा पुढे स्वतःलाच वाचवत नाहीत, म्हणून माझे मत असे की संग्रहाचा विचार निदान चार-पाच कथा अनोळखी संपादकांच्या हाताखालून गेल्यावर करावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिची चौकशी आधी करावी. तरीही पैसे देऊनच छापायचे ठरले, तर प्रती किती निघणार, त्यांतल्या आपल्या ताब्यात किती येणार, मुद्रितशोधन कोण करणार, उरलेल्या प्रती कोणत्या दुकानांत आणि वाचनालयांत जाणार आणि हक्क कोणाकडे राहणार, हे प्रकाशकाला विचारावे, आणि याची उत्तरे सहीनिशी लेखी हाती येईपर्यंत हस्तलिखित आपल्याकडेच ठेवावे.