गॅस गिझरचा धूर खरोखर बाहेर जातो का? तपासताना या चुका टाळा

धुराड्याला जोडलेल्या गॅस गिझरची तपासणी अनेकदा खिडक्या सताड उघड्या आणि घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे बंद असताना होते, आणि ‘सगळे ठीक आहे’ असा निर्वाळा देऊन संपते. ही सर्वांत मोठी चूक आहे. कारण अशा वेळी बहुधा बिघडलेले धुराडेही नीट चालते.

साध्या गिझरमध्ये धूर बाहेर ढकलणारे कोणतेही यंत्र नसते. बर्नरवरचा तप्त वायू हलका होऊन आपोआप वर चढतो, इतकीच त्याची ओढ. ती फार दुबळी असते. स्वयंपाकघराची चिमणी आणि न्हाणीघराचा पंखा एकाच वेळी सुरू झाले की घरातली हवा बाहेर फेकली जाते, आणि तिची भरपाई जिथून सोपी तिथून होते. दारे-खिडक्या बंद असतील, तर ती सोपी वाट म्हणजे नेमके गिझरचे धुराडे. मग वर जायचा धूर उलटा घरात उतरतो.

म्हणून चाचणी घरासाठी सर्वांत वाईट स्थितीत करावी. बाहेर उघडणारी सर्व दारे-खिडक्या बंद करावीत, हवा बाहेर टाकणारे सगळे पंखे जोरात चालू करावेत, ते पंखे आणि गिझर यांच्यामधली आतली दारे उघडी ठेवावीत आणि गरम पाण्याचा नळ सोडून बर्नर पेटू द्यावा. लगेच निष्कर्ष काढू नये, ही दुसरी चूक ठरते. धुराडे थंड असताना पहिले काही क्षण थोडा वायू बाहेर सांडू शकतो. पाचेक मिनिटांनी पेटती उदबत्ती गिझरच्या माथ्यावर, धूरनळी सुरू होते तिथल्या टोपीच्या उघड्या कडेपाशी धरावी. धुराची रेघ कडेवरून वळून आत खेचली गेली, तर ओढ ठीक आहे. ती तिथेच घुटमळली किंवा तुमच्या चेहऱ्याकडे परतली, तर पंखे बंद करावेत, गॅसचा कॉक बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरू नये. टोपीजवळ धरलेला आरसा धुकटला, तरी अर्थ तोच: 1 किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि ती वाफ आरशावर उमटते. (गॅसचा वास येत असेल तर अर्थातच काहीही पेटवू नये.)

एकदा चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे वर्षभराची निश्चिंती, असेही मानू नये. बाहेरची हवा थंड असताना ओढ जोरदार असते; उन्हाळ्यात आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक कमी झाला की ती मंदावते. माझ्या मते उन्हाळ्यातली चाचणी अधिक बोलकी.

धुराडे हाताला गरम लागते म्हणजे ते धूर वाहून नेते, हाही गैरसमजच. त्यापेक्षा गिझरचा माथा निरखून पाहावा. पाण्याच्या नळ्यांभोवतीची प्लास्टिकची कडी वितळून वाकडी झाली असेल, रंग करपला असेल किंवा काजळी धरली असेल, तर धूर कधीतरी तिथून सांडला आहे. धूरनळीच्या सांध्यांवरचा गंज, तिचा खाली झुकलेला भाग आणि बाहेरच्या तोंडाशी पक्ष्यांनी केलेले घरटे हेही पाहावे. ज्योत निळी असावी. पिवळी, आळसावलेली ज्योत हवा अपुरी पडत असल्याचे किंवा बर्नर घाण झाल्याचे लक्षण असते. मात्र ज्योत निळी दिसते म्हणून धूर बाहेर जातोच, असे सिद्ध होत नाही.

धुरात असू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. गॅसगळतीचा जो वास आपण ओळखतो, तो मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा असतो आणि जळाल्यावर उरत नाही. त्यामुळे ‘वास येत नाही ना’ हा दिलासा इथे निरुपयोगी आहे. एलपीजीगळती दाखवणारे यंत्रही इथे कामाचे नाही, कारण ते कार्बन मोनॉक्साइडसाठी बनवलेले नसते. त्यासाठीचा अलार्म वेगळा असतो आणि तो झोपण्याच्या खोल्यांजवळ हवा. घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर कारण शोधत आत थांबू नये. सर्वांनी आधी बाहेर पडावे आणि मग मदत मागावी.

धूरनळीच नसलेल्या छोट्या इन्स्टंट गिझरला वरची चाचणी लागूच होत नाही, कारण त्याचा सगळा धूर तो लावलेल्या जागेतच सुटतो. तो बंद न्हाणीघरात बसवू नये. पंखा लावून भागते असे म्हणणाऱ्याने आत येणाऱ्या हवेची वाटही दाखवावी. ती नसेल तर पंखा फारशी हवा हलवू शकत नाही.

तंत्रज्ञाला बोलावले, तर त्याने टोपीपाशी कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजावा, आणि तेही खिडक्या बंद व पंखे चालू असताना. तो आल्या आल्या खिडकी उघडू लागला, तर ती आधी बंद करायला सांगावे.