एकच तांब्या, बारा वेळा: जलरंगात स्वतःचा हात कसा ओळखावा

एक पितळी तांब्या घ्या. घासूनपुसून लखलखीत केलेला नको. पोटाला डाग पडलेला, काठ किंचित चेपलेला असेल तर उत्तम. खिडकीजवळ, प्रकाश एकाच बाजूने येईल असा ठेवा आणि पुढचे दीड-दोन महिने तिथून हलवू नका. खालचा सगळा अभ्यास याच एका वस्तूवर करायचा आहे. विषय बदलत राहिला, तर चित्रातला फरक विषयामुळे पडला, कागदामुळे पडला की हातामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. विषय तोच ठेवला की दिसणारा फरक सामग्रीचा असतो. आणि सामग्री बदलूनही जे बदलत नाही, ते तुमचं.

महाराष्ट्रात अनेकांची रंगांशी पहिली गंभीर ओळख एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे होते, आणि ती बहुधा पोस्टर कलरशी. तो रंग अपारदर्शक असतो. उजेड हवा असेल तर पांढरा मिसळायचा आणि चुकलं तर वरून दुसरा थर द्यायचा, ही सवय हातात मुरते. जलरंगात ती आडवी येते. इथे उजेड म्हणजे खालचा कागद. तो एकदा झाकला की पूर्ण परत मिळत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे पांढऱ्याची ट्यूब कपाटात राहू द्या.

पैसे कागदावर खर्च करा

शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस्ड, म्हणजे मध्यम खडबडीत, कागद घ्या. आर्श, सॉन्डर्स वॉटरफर्ड, फॅब्रिआनो आर्टिस्टिको या ब्रँडांपैकी कोणताही चालेल. महाग आहे, पण २२ × ३० इंचांच्या एका पूर्ण ताव्याचे दोन्ही बाजूंनी चार-चार भाग केले की ५.५ × ७.५ इंचांचे १६ तुकडे मिळतात. घडी घालून, घडीवर नख फिरवून, पट्टी धरून फाडा. यासोबत लाकडाच्या लगद्याचा एक स्वस्त कागद आणि खडबडीत पोताचा एक हातकागद घ्या. तीन कागद एवढ्यासाठी, की एकाच ब्रशचा एकच फटकारा तिन्हींवर तीन तऱ्हेने उमटतो. कॉटनवर रंग सावकाश मुरतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. लगद्याच्या कागदावर तो वरच्या वर लवकर वाळतो, कडा कडक येतात, आणि दोनदा घासलं की पृष्ठभाग सोलून गोळ्या निघायला लागतात. हातकागदाचं पोत चित्रात स्वतःहून बोलतं, पण त्याचं खळण, म्हणजे कागदाला पाणी लगेच शोषू न देणारं साइझिंग, कधी कधी सगळीकडे सारखं नसतं.

खळण तपासायला कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब फुगीर राहून हळूहळू पसरला तर कागद चांगला. टाकल्याबरोबर शोषला जाऊन गडद डाग पडला तर खळण गेलं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे फार होतं: बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या ताव्यांवर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिला की मध्येच ठिपके-ठिपके उमटतात आणि रंग तिथे आत ओढला जातो. दोष हाताचा नसतो, दमटपणाचा असतो. तावे प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडवे ठेवा. बिघडलेला कागद फेकू नका. गवॉश (अपारदर्शक जलरंग) आणि कोळशाच्या कामाला चालतो.

चार ट्यूब

अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, क्विनाक्रिडोन रोझ आणि एक थंड, म्हणजे हिरवटाकडे झुकणारा, पिवळा. ट्यूबवरचं रोमांटिक नाव वाचू नका, रंगद्रव्याचा क्रमांक वाचा: निळ्यावर पीबी २९, सिएनावर पीबीआर ७ (काही कंपन्या पीआर १०१ वापरतात, तोही चालतो), गुलाबीवर पीव्ही १९, पिवळ्यावर पीवाय १५४. नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी मिश्रण आहे असं समजा. तीन-तीन रंगद्रव्यांच्या ट्यूब एकमेकांत मिसळल्या की रंग मळतो, म्हणून एका ट्यूबमध्ये एकच रंगद्रव्य असलेलं बरं.

पहिल्या दिवशी चित्र काढू नका. चार रंगांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे पाच चौकोन करा, एका टोकाला एक रंग, दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये तीन मिश्रणं. तीस चौकोन झाले. यातली अल्ट्रामरीन आणि सिएनाची ओळ सगळ्यात कामाची: निळसर राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळ्या सावल्या तिथे मिळतात, काळ्या ट्यूबची गरज उरत नाही. खडबडीत कागदावर पातळ लावली तर दोन्ही रंगांचे कण वेगळे होऊन बसतात. ते अनेकांना आवडतं, अनेकांना खुपतं. तुम्हाला काय वाटलं ते त्या ओळीशेजारी लिहून ठेवा.

रंगाचा दाटपणाही असाच तपासा: कोऱ्या चहाइतका पातळ, दुधाइतका, सायीइतका. वाळल्यावर तिन्ही ओल्यापेक्षा फिके दिसतात. नवशिक्याचं चित्र पुळचट होण्याचं नेहमीचं कारण हेच. पॅलेटवर 'बरोबर' वाटलेला रंग कागदावर कमी पडतो, म्हणून थोडा जास्तच गडद लावायची सवय करावी लागते. दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळलेल्या पट्ट्यांवरून ओलसर ब्रश एकदा आडवा फिरवा आणि टिशूने टिपा. अल्ट्रामरीन बराच उचलला जातो, क्विनाक्रिडोन डाग सोडतो. म्हणजे नंतर उजेड काढायची जागा असेल तिथे गुलाबी आधी लावायचा नाही.

ब्रश तीनच: ८ नंबरचा गोल, एक इंची चपटा, आणि लांब केसांचा बारीक रिगर. पाण्याची भांडी दोन, एक धुवायला आणि एक स्वच्छ. ब्रशचं टोक जिभेने ओलं करायची सवय असेल तर आजच मोडा. कॅडमियम, कोबाल्ट असलेले रंग पोटात जाण्यासारखे नाहीत.

ओल वाचायला शिका

जलरंगातल्या बहुतेक अपघातांचं मूळ एकच असतं: कागद किती ओला आहे ते न पाहता ब्रश टेकवणं. कागद उजेडाकडे तिरपा धरून पाहा. आरशासारखी चमक असताना टाकलेला रंग लांबवर पसरतो, आकार धरत नाही. चमक मंदावून रेशमी झाली की मऊ कडा हव्या तिथे मिळतात. ढग, धूसर सावली, तांब्याच्या पोटावरचा वळता उजेड यांची वेळ ही. चमक पूर्ण गेली, पण बोटांच्या मागच्या बाजूला कागद थंड लागतो, ही सगळ्यात फसवी अवस्था. इथे पाणीदार ब्रश टेकवला की ते पाणी वाळत आलेल्या रंगाला बाहेर ढकलतं आणि झालरीच्या कडेचा डाग उमटतो. चित्रकार त्याला कॉलिफ्लॉवर म्हणतात. या टप्प्यावर हात मागे घ्यायचा, चहा प्यायचा. थंडावा गेला की कागद वाळला.

एका तुकड्यावर सहा पट्ट्या ओल्या करून दर मिनिटाला एकेकीत रंगाचा थेंब टाका, आणि आपल्या खोलीत या अवस्था किती मिनिटं टिकतात ते लिहून घ्या. हे आकडे दुसऱ्याचे वापरता येत नाहीत. रत्नागिरीत जुलैमध्ये वॉश वाळता वाळत नाही. नागपुरात मेमध्ये ताव्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक कोरडं झालेलं असतं. तिथे कागदाच्या दोन्ही बाजू भिजवून ओल्या बोर्डावर पसरा, किंवा पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब घाला. जास्त घातलं तर रंग चिकट राहतो.

बारा तांबे

प्रत्येक चित्राला तीस मिनिटं, घड्याळ लावून. मागच्या बाजूला कागद, रंग, ब्रश, तारीख, हवा लिहा. आवडलं-नावडलं लिहू नका, अजून नाही.

पहिले दोन फक्त अल्ट्रामरीन-सिएनाच्या करड्या रंगात, तीनच छटांत: कोरा कागद, मधली, गडद. डोळे किलकिले करून पाहिलं की तीन छटा सुट्या दिसतात. इथे चुकलेलं चित्र पुढे कितीही रंगीत केलं तरी उभं राहत नाही, म्हणून दोनदा. तिसरं पूर्ण ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग. चौथं कोरड्यावर थर देऊन, तीन थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. एकाच जागी ब्रश दोनदा फिरवला तर खालचा थर सुटून वर येतो आणि पारदर्शकता जाते. पाचवं हातकागदावर, जवळजवळ कोरड्या ब्रशने: ब्रश भरायचा, फडक्यावर टिपायचा, आडवा धरून ओढायचा. सहावं एक इंची चपट्या ब्रशनेच, गोल काठासकट. बरेच लोक याच चित्रात पहिल्यांदा मोकळे होतात, कारण तपशील काढायची सोयच उरत नाही.

सातव्याला बोरू घ्या आणि दोन शाया. वॉटरप्रूफ शाईची रेघ वाळल्यावर वरून वॉश दिला तर ती हलत नाही. साध्या फाउंटन पेनच्या शाईवर ओला ब्रश फिरवला की रेघेतूनच सावली वाहते. दोन्ही करून पाहा. (वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरू नका, पेन कायमचं तुंबतं.) आठवं तपकिरी कागदावर गवॉशने, आता पांढरी ट्यूब बाहेर काढा. गवॉशमध्ये गडद रंग वाळल्यावर फिके होतात आणि फिके थोडे गडद, म्हणून आधी पट्टी रंगवून पाहायची. नववं ॲक्रिलिकने, पॅलेट नाइफ घेऊन. ॲक्रिलिक वाळताना गडद होतो आणि वाळला की पाण्याने सुटत नाही. ब्रश वापरलाच तर लगेच धुवा, जेवून आल्यावर तो कामाचा राहत नाही. दहावं कोळशाने काढून त्यावरून पाण्याचा ब्रश. अकराव्यात तांब्या रंगवायचा नाही, त्यामागची भिंत आणि टेबल रंगवायचं. तांब्या उरलेल्या पांढऱ्यातून दिसला पाहिजे. बारावं तांब्या नजरेआड ठेवून, आठवणीतून.

हत्यार आणि माध्यम हे चित्राचं रूप किती ठरवतं, याचे दाखले जवळच आहेत. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थर चढवले आणि काढले. त्यांच्या चित्रातला तो तरंगता गहिरेपणा ब्रशच्या फटकाऱ्यांनी आला नसता. प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर एनॅमल पेंट वापरला. आणि सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असलेली, जलरंगातली आहे: ज्योतीआड धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो प्रकाश पारदर्शक रंगाखालून येतो.

जमिनीवर मांडा

बाराही चित्रं एका ओळीत ठेवा आणि दहा फुटांवरून पाहा. 'छान कोणतं' हा प्रश्न बाजूला ठेवून मोजण्यासारखे प्रश्न विचारा. कडक कडा किती, मऊ किती? कोरा कागद किती राखला? सगळ्यात गडद जागा कुठे येते? पेन्सिल दिसू दिली की झाकली? वस्तू कागदात मधोमध आहे की कडेला सरकते? न ठरवता, वेगवेगळ्या माध्यमांत, चार-पाच चित्रांत जे परत परत आलंय त्यावर खूण करा. ओल्यावर ओल्यातसुद्धा तुम्ही एक कडा कडक ठेवलीच असेल, आणि बोरूनेही तीच ठेवली असेल, तर ती खूण तुमच्या हाताची आहे.

मात्र परत परत येणारी प्रत्येक गोष्ट शैली नसते. बाराही तांब्यांच्या तोंडाचा लंबवर्तुळ दोन्ही टोकांना टोकदार झाला असेल तर ती रेखाटनातली चूक आहे, तिला लाडाने शैली म्हणू नये. लंबवर्तुळाला कोपरे नसतात. वरून पाहताना तांब्याच्या बुडाचा लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त गोल दिसतो. कसोटी अशी: ती गोष्ट मुद्दाम टाळून एक चित्र काढा. टाळता आली आणि तरी परत हवीशी वाटली तर ठेवा. टाळताच आली नाही, तर आधी शिकून घ्या.

यानंतर बारांपैकी दोनच पद्धती निवडा. तेच कागद, तेच रंग, आणि आता विषय बदला: खुर्चीवर टाकलेला टॉवेल, गॅलरीतली कुंडी, झोपलेलं कोणीतरी. दहा चित्रं, पाव ताव्यावर, म्हणजे ११ × १५ इंच. आकार वाढवताना हमखास बिघडतं ते असं: क्षेत्रफळ चौपट होतं, पण रंग तेवढाच कालवलेला असतो. वॉश अर्ध्यात संपतो, पुन्हा कालवेपर्यंत कड वाळते आणि मधोमध पट्टा उमटतो. चौपट रंग आधी वेगळ्या बशीत तयार ठेवा. ८ नंबरऐवजी १२ किंवा १४ नंबरचा गोल ब्रश घ्या, नाहीतर छोट्या चित्रात मोकळा वाटलेला फटकारा इथे किरकोळ दिसतो. बोर्ड दहा-पंधरा अंशांनी कलता ठेवा, खालच्या काठाला साचलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपा, आणि कागद बोर्डाला चिकटवलेली मास्किंग टेप कागद पूर्ण वाळल्यावरच, चित्रापासून बाहेरच्या बाजूला तिरपी ओढत काढा.