स्वस्त मूरिंग शोधताय? अष्टमीचं पाणी बघून भुलू नका

दर वर्षी पाऊस सरला की दोन-तीन फोन येतातच. "बोट घेतली, आता मूरिंग कुठे स्वस्त मिळेल?" वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मूरिंग म्हणजे पाण्यात बोट बांधायची जागा: तळाशी काँक्रीटचा ब्लॉक, त्याला साखळी आणि वर तरंगणारा बोया. मुंबईत बोट मिळते, बोट बांधायला जागा मिळत नाही. गेटवेसमोरची मूरिंग बहुतेक क्लबांच्या सभासदांची, आणि तिथे शिरायचं तर पैसा आणि धीर दोन्ही लागतं. बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय आपला ब्लॉक टाकता येत नाही, हे नव्या मालकाला बोट घरी आल्यावर कळतं. म्हणून मग खाडीतली एखादी 'ओळखीतली' जागा. तिथूनच तमाशा सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जागा भरतीला बघणं. ही तर शेंबडं पोरही करणार नाही असं वाटतं, पण लोक रविवारी जेवून, गॉगल लावून जातात, पाणी तुडुंब दिसतं आणि टोकन देऊन येतात.

मी शहाणा होतो. मी ओहोटीला गेलो. पहिलीच बोट, 24 फुटी, कील (बोटीच्या तळाखालचा पंखा) पाण्यात 1.4 मीटर खोल. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाडीत, भर दुपारी बाराला, ओहोटी पूर्ण लागलेली असताना दोरीला शिशाचं वजन बांधून पाणी मोजलं. दोन मीटर! भाडं क्लबच्या मानाने निम्मंसुद्धा नाही. लगेच सीझनचे पैसे मोजले.

तो दिवस अष्टमीचा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडे आजोबाही सांगायचे. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. हिशेब बरोबर होता. चुकलं ते एवढंच की अष्टमीची भरती-ओहोटी भांगाची असते. पाणी फार चढत नाही, तसंच फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दोन्ही जास्त. मुंबई बंदरात भांगाची ओहोटी आणि उधाणाची ओहोटी यांत सरासरी एक मीटरचा फरक पडतो, मोठ्या उधाणाला त्याहून जास्त.

अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमाराला खलाशाचा फोन. जाऊन बघतो तर बोट गाळात आडवी, म्हशीसारखी. वाईट त्यापुढेच होतं. भरती लागली, पण चिखलाने कील धरून ठेवलेली. बोट उभी राहायच्या आधी पाणी कॉकपिटच्या लॉकरमधून आत शिरलं. बॅटऱ्या, स्टार्टर, गाद्या, सगळं गेलं. धक्क्यावर जाळं विणत बसलेले एक नाखवा मान वर न करता म्हणाले, "काय शेट, आठमीचं पानी बघून बोट बांधली काय?" भाड्यात वाचवलेले पैसे दुपटीने गेले. तो चिखलाचा वास उन्हाळ्यापर्यंत केबिनमध्ये होता.

तेव्हापासून माझी सवय एकच. घरातलं कालनिर्णय काढायचं, अमावास्या किंवा पौर्णिमा बघायची आणि पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे त्या दिवशीच्या ओहोटीला, जाऊन उभं राहायचं. मोठं उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं, म्हणून द्वितीयेलाही एक फेरी. ॲपवर भरतीचा तक्ता दिसतो, कबूल, पण गाळाचा उंचवटा ॲपला दिसत नाही. ज्यांना पंधरा दिवस थांबवत नाही त्यांनी कार घ्यावी.

जागा ठरवण्याआधी तिथल्या कोळी बांधवांना विचारा. त्यांच्या जाळ्यांच्या वाटेत बोट बांधून वर हुज्जत घालणाऱ्यांची मला लाज वाटते.

"ब्लॉक 500 किलोचा आहे" हे ऐकून खूश होऊ नका. काँक्रीट पाण्यात गेलं की 500 किलोचे 285 उरतात. जुना, गाळात रुतलेला ब्लॉक तरी धरतो, कालच टाकलेला सरकतो.

साखळी मात्र स्वतः बघा. बोयाजवळची चार हात वर ओढून "झकास आहे" म्हणणारे पुष्कळ. झिजते ती खालची, जिथे साखळी प्रत्येक भरती-ओहोटीला तळावरून उचलते आणि परत टेकते. तिथल्या कड्या घासून पेन्सिलीएवढ्या झालेल्या मी हातात धरल्यात. पाणबुड्याचे पैसे द्या, तळची साखळी वर घ्या, शिंपले खरवडून मापा. शॅकलची (साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधा. गॅल्व्हनाइज्ड साखळीला स्टेनलेस स्टीलचा चकचकीत शॅकल लावू नका, साखळी खाल्ली जाते.

आणि 'बारमाही' मूरिंग? पावसाळ्यात गेटवे-मांडव्याच्या लाँचा बंद असतात, कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, आणि आपण प्लॅस्टिकचा कागद बांधून बोट पाण्यात सोडणार? भाडं आठ महिन्यांचं धरा आणि क्रेन, जमिनीवरची जागा, स्टँड यांचा खर्च त्यातच मिळवा. क्रेनवाल्याला मार्चमध्येच सांगून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही.

डिंगीचंही, म्हणजे धक्क्यावरून बोटीपर्यंत जायच्या छोट्या होडीचंही, विचारून घ्या. धक्क्यापासून बोटीपर्यंत दर वेळी दुसऱ्याच्या होडीने गेलात तर वर्षाखेरीस ते भाडं मूरिंगच्या भाड्याला भिडतं. माझी डिंगी मी धक्क्यावरच्या चहावाल्याच्या मागे उलटी ठेवतो, वल्ही तो दुकानात ठेवतो.