कोन उलटा करा आणि मागचं वाचा, आईस्क्रीमच्या रॅपरवरचे आकडे कसे समजून घ्यायचे

नागपुरात एप्रिल लागला की रात्री जेवण झाल्यावर कोन आणायला जायचं हे आमच्याकडे ठरलेलंच, पोट्टे चपला घालून दारात उभेच असतात. मागच्या उन्हाळ्यात बाबांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी विचारलं, रोज एक कोन खाता म्हणता तर त्यात साखर किती जाते ते सांगा, तर घरात कोणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून मी रॅपर वाचायला लागले आणि आता दुकानात उभ्या उभ्या मिनिटभरात होतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

आधी बघायचं ते म्हणजे वस्तूचं नाव, कंपनीचं नाही, वस्तूचं. कुठेतरी बारीक अक्षरात "आईस्क्रीम" नाहीतर "फ्रोझन डेझर्ट" लिहिलेलं असतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे साध्या आईस्क्रीममधे निदान १० टक्के दुधाचं फॅट आणि ३.५ टक्के दुधाचं प्रोटीन लागतं, मीडियम फॅट लिहिलं असेल तर फॅट २.५ ते १० टक्क्यांच्या मधे आणि लो फॅट असेल तर २.५ च्या आत. फ्रोझन डेझर्टमधे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल चालतं, बहुतेक पाम किंवा खोबरेल. आता फ्रोझन डेझर्ट म्हणजे विष असं काही नाही हो, पण आपण दुधाचे पैसे देऊन तेल घेतोय का हे माहीत तर पाहिजे. आपलं गाव तर आईस्क्रीमचंच आहे, दिनशॉज १९३२ पासून इथलं, मग नागपूरच्या माणसाला हा फरक कळायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात जास्त गडबड होते ती एमएल आणि ग्रॅममधे, इथे जरा थांबून समजून घ्या. आईस्क्रीम फेटताना त्यात हवा भरतात, हवा नसेल तर ते बर्फाच्या लादीसारखं टणक होईल, म्हणजे हवा भरणं चूक नाहीच. पण त्यामुळे १०० एमएल आईस्क्रीमचं वजन १०० ग्रॅम भरत नाही, नियमाने साध्या आईस्क्रीमच्या एका लिटरला निदान ५२५ ग्रॅम वजन लागतं, म्हणजे १०० एमएलला साडेबावन्न ग्रॅम एवढंही चालतं. उरलेली जागा बरीचशी हवेची. म्हणून दोन डब्यांची किंमत एमएलवर जुळवू नका, दोन्हीकडे ग्रॅम लिहिले असतील तर ग्रॅमवर जुळवा, सारख्याच आकाराचा एक डबा हाताला हलका लागतो आणि दुसरा जड, त्यात जड डब्यात माल जास्त असतो. मागचे आकडे "पर १०० ग्रॅम" आहेत की "पर १०० एमएल" तेही बघा, कारण वरती एमएल आणि मागे ग्रॅम असं असलं की लोक सरळ गुणाकार करून मोकळे होतात आणि हिशोब पार चुकतो. कोनवर ग्रॅम लिहिले नसतील तर घरी किचनच्या काट्यावर रॅपरसकट वजन करा, खाऊन झाल्यावर रिकामं रॅपर मोजा आणि वजा करा. आम्ही एकदाच केलं, आता लक्षात राहिलंय.

मग गुणाकार. समजा ७० ग्रॅमचा कोन आहे आणि मागे १०० ग्रॅमला एनर्जी २४० किलोकॅलरी, कार्बोहायड्रेट ३०, टोटल शुगर्स २२, अॅडेड शुगर्स १७, फॅट १२, सॅच्युरेटेड ८ असं आहे. प्रत्येक आकड्याला ०.७ ने गुणायचं, मोबाईलमधे कॅल्क्युलेटर आहेच. एनर्जी आली १६८, वरून घातलेली साखर जवळपास १२ ग्रॅम म्हणजे चहाचे अडीच चमचे, सॅच्युरेटेड फॅट साडेपाचच्या वर. टोटल आणि अॅडेडमधला जो फरक तो बहुतेक दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज, त्याला घाबरायचं कारण नाही. पण ज्याला शुगर आहे त्याने नुसती साखर बघून भागत नाही, कार्बोहायड्रेटची पूर्ण ओळ बघायची कारण कोनच्या वेफरमधला मैदा पण त्यातच येतो, या कोनमधे ते झाले २१ ग्रॅम, साधारण एका पोळीएवढे. बाबा आता ज्या दिवशी कोन खातात त्या दिवशी एक पोळी कमी खातात, डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय.

बाजूला टक्के पण लिहिलेले असतात, ते मोठ्या माणसाच्या दिवसाच्या २००० किलोकॅलरीच्या गरजेवर काढलेले असतात, दिवसाला ६७ ग्रॅम फॅट, त्यात २२ सॅच्युरेटेड, आणि ५० ग्रॅम अॅडेड साखर असं धरून. पाच वर्षांच्या पोराला ते लागू करू नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला १३६० किलोकॅलरी पुरतात, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरची साखर एकूण एनर्जीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे त्या पोराला दिवसाला साधारण ३४ ग्रॅम, त्यातली १२ एका कोनमधेच गेली, आणि सकाळचं बिस्कीट, दुधातली पावडर, दुपारचं सरबत वेगळंच. फॅमिली पॅकवर "पर सर्व्ह" किती ग्रॅमचं धरलंय तेही वाचा, आपल्या घरच्या वाटीत त्याच्या दुप्पट सहज बसतं.

घटकांची यादी जास्त असलेल्यापासून कमीकडे लिहिलेली असते, पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं. लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं दिसली तर ती साखरेच्याच नात्यातली समजा. काही घटक यादीत नुसत्या आकड्यांनी लिहितात, ४१२ म्हणजे ग्वार गम, गवारीच्या बियांचा गोंद, ४१० कॅरोबच्या बियांचा गोंद, ४७१ तेल-पाणी एकजीव ठेवणारं, हे आकडे बघून दचकू नका. १०२ आणि ११० हे मात्र कृत्रिम पिवळे-केशरी रंग आहेत, लहान मुलांसाठी घेताना मी ते टाळते. शुगर फ्री किंवा नो अॅडेड शुगर असेल तर माल्टिटोल, सॉर्बिटोल आहे का बघा, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते, एका बैठकीत जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. आणि शुगर फ्री असलं तरी फॅट आहेच, दुधाची साखरही असू शकते, त्यामुळे बाबांसाठी ते बिनधास्त आहे असं मी धरत नाही.

शेवटचं आपल्या इकडच्या उन्हाचं. आईस्क्रीम उणे १८ डिग्रीच्या आसपास ठेवायला लागतं आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लाईट गेली की दुकानातल्या डीप फ्रीजरमधला माल मऊ होऊन पुन्हा गोठतो. कोन एका बाजूने चपटा झालेला, रॅपर आतून चिकटलेलं, डब्याच्या झाकणाखाली बर्फाचा जाड थर, किंवा डबा पूर्ण भरलेला नसून खाली बसलेला दिसला तर परत ठेवा आणि दुसरा मागा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. आणि घरी फिरत फिरत नेऊ नका, सीताबर्डीवर बाकी सगळी खरेदी आटोपल्यावर सगळ्यात शेवटी आईस्क्रीम घ्या, वर्तमानपत्रात दोन-तीन घड्या करून गुंडाळा आणि सरळ घर गाठा.